जागल्या, भोंगा आणि हूटर

दिवाळी सरली की खानदेशातल्या बोदवडकडे येणाऱ्या रस्त्यांवरच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्यांमधून निसटलेला कापूस फांद्यांना, तारांना, कुंपणांना अडकून राहतो. गावात शिरलेला माल सरकी काढणाऱ्या जिनच्या आवारात ओतला जातो, त्याचे डोंगर लागतात आणि तिथून पुढचे तीन-चार महिने मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या मनात एकच धास्ती असते. कुणाच्या तरी खिशातली काडेपेटी, ट्रॅक्टरच्या धुराड्यातली ठिणगी, कापसात आलेला खडा, लोंबकळणारी वीजतार, यांतले काहीही पुरते. सुट्या कापसावर ज्योत पसरते ती माणसाच्या पावलापेक्षा वेगाने, आणि वरची ज्योत विझवली तरी आत धुमसणे चालूच राहते.

हा कापूस, घरातले दागिने आणि दुकानातला गल्ला राखायचा कसा, हा प्रश्न बोदवडला नवा नाही. आज त्यासाठी कॅमेरे आहेत, धूर ओळखणारी यंत्रे आहेत, मोबाइलवर येणारे इशारे आहेत. त्याआधी भोंगे होते, कुलपे होती. त्याही आधी एक माणूस होता. प्रत्येक टप्प्यावर इशारा देण्याचे साधन सुधारत गेले. तो इशारा ऐकून धावायचे कुणी, याचे उत्तर मात्र दरवेळी तितके सुधारले नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराच्या कामाचे तपशीलवार वर्णन आहे. रात्री गस्त घालणे, गावात कोण आले नि कोण गेले यावर नजर ठेवणे, परक्या माणसाची खबर पाटलाला देणे आणि गावातल्या प्रत्येकाचा स्वभाव माहीत असणे ही त्याची कामे. चोरी झालीच, तर पावलांचा माग काढणेही त्याच्याकडेच. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावच्या राखणदाराकडे जाई. त्याने तो पुढे न्यायचा, नाहीतर चोर हजर करायचा. माग जिथे थांबला त्या गावावर नुकसान भरून देण्याची वेळ येऊ शके.

खानदेशात हे काम करणाऱ्याला जागल्या म्हणत आणि अनेक गावांत तो भिल्ल असे. बलुत्याच्या रूपाने त्याला धान्य मिळे, कुठे थोडी इनाम जमीनही असे. इशारा देणारा, चौकशी करणारा आणि उत्तरदायी असणारा असा तिहेरी माणूस गावाने पोसलेला होता. बोदवडसारख्या गावाला त्याची गरज मोठी होती. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, पूर्वेला वऱ्हाडची हद्द. राज्य बदलणारी सीमा जवळ असली की पळून जाणाऱ्याला सोयीचे होते.

इंग्रजांच्या पहिल्या वर्षांत खानदेशात भिल्लांचे उठाव चालू होते. १८२५ मध्ये जेम्स आउटरम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली. ज्यांच्याविरुद्ध सरकार लढत होते, त्यांनाच पगारावर घेऊन बंदोबस्ताला लावायचे, हा त्यामागचा हिशेब होता. डोंगरातल्या भिल्ल नाईकांना घाटवाटा राखण्याबद्दल मिळणारे हक्कही सरकारने मान्य केले. राखण हा विकत घेता येणारा आणि भरवशाचा व्यवहार असू शकतो, हे गावाने आधीच जाणले होते. सरकारने तेच मोठ्या पटावर केले.

पण त्याच सरकारने पुढे उलटी वाटही धरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात चोर ठरवले. १९११ च्या सुधारणेनंतर तो देशभर लागू करण्याजोगा झाला आणि मुंबई इलाख्यातही वसाहती, हजेऱ्या सुरू झाल्या. संशय माणसावरून उठून जातीवर बसला. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी रात्री पालावर थांबलेल्या भटक्या कुटुंबाकडे पाहण्याची गावाची नजर कायद्याबरोबर बदलली नाही. त्याची किंमत खानदेशात पुढे मोजली गेली.

जागल्याचे काम कागदावरून हळूहळू पुसले गेले. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने गावच्या बंदोबस्ताची चौकट पोलीस पाटलाभोवती बांधली. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपली. वतनाच्या नावाखाली चालणारी वेठ त्याबरोबर गेली, आणि ती जायलाच हवी होती. १९६७ च्या नव्या कायद्याने पोलीस पाटील हा मानधनावरचा, नेमलेला माणूस झाला. गावाच्या झोपेची जबाबदारी अंगावर घेऊन रात्रभर फिरणारा मनुष्य मात्र त्या नव्या रचनेत कुठेच उरला नाही.

घरे त्या काळी स्वतःच स्वतःची राखण करीत. मातीच्या जाड भिंती, धाब्याचे छप्पर, रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच. दाराला आतून कडी-कोयंडा आणि त्यामागे भिंतीतल्या खोबणीत सरकणारा लाकडी अडसर. धान्य बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात, दागिने चुलीच्या किंवा देव्हाऱ्याच्या आसपास पुरलेले. चोरालाही हे ठाऊक असे. म्हणून तो दाराच्या वाटेला जातच नसे. पहारीने मागची भिंत पोखरून आत शिरे. दारावर कितीही मोठे कुलूप लावले तरी मातीची भिंत ही त्या घराची खरी कमजोरी राही. भाजक्या विटा आणि सिमेंट आल्यावरच कुलपाला अर्थ आला.

त्याच सुमारास मुंबईत कुलपांचा देशी धंदा उभा राहिला. शहरातल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून अर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि काही वर्षांत ते तिजोऱ्याही बनवू लागले. या तिजोऱ्यांना दोन परीक्षा द्याव्या लागत, चोराची आणि आगीची. कापूस, सरकी, भुसार यांचा व्यवहार करणाऱ्या अडत्याच्या दृष्टीने दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची होती. त्याच्या तिजोरीत रोकड थोडी आणि हुंड्या, खातेवह्या, पावत्या जास्त असत. रोकड गेली तर एका हंगामाचा तोटा. वह्या जळाल्या तर येणे कुणाकडे किती हेच कळेनासे होई. जळगावच्या सराफ बाजाराची ख्याती वाढली तशी भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी खानदेशातल्या पेढ्यांची ओळखच बनली.

बोदवडच्या राखणीचा प्रश्न बदलला तो रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला भुसावळला आली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. या मार्गावर बोदवडला स्थानक मिळाले. नेमके त्याच काळात अमेरिकेतले यादवी युद्ध पेटले होते, १८६१ ते १८६५. लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि मुंबईत भाव भडकले. खानदेशातला कापूस सोन्याच्या मोलाने विकला जाऊ लागला. भाव चढले तशी भेसळही चढली. वजन वाढवण्यासाठी कापसात माती, सरकी, पाणी घालण्याचे प्रकार इतके वाढले की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापूस भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. हातरेच्यावर सरकी काढली जात होती तोवर कापसातला खडा म्हणजे फक्त वजनातली फसवणूक होती. वाफेवर चालणारी यंत्रे आली आणि तोच खडा लोखंडी पात्यावर आपटून ठिणगी पाडू लागला.

जिनचे यंत्र समजून घेतल्याशिवाय ही भीती समजत नाही. भारतात प्रामुख्याने रोलर जिन वापरतात. चामड्याचा खरबरीत रोलर कापसाचे तंतू ओढतो, स्थिर सुरी सरकी अडवते आणि हलणारी सुरी तिला झटकते. रोलर आणि सुरी यांच्यातले अंतर बिघडले तर घर्षणाने चामडे तापते. पट्टा घसरला तर पुली तापते. वर हवेत सतत तंतू उडत असतात. ते तुळयांवर, दिव्यांवर, मोटारींवर साचतात. ठिणगी एका जागी पडली तरी या साचलेल्या तंतूंवरून ती छताच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

रुई दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये वेगळाच धोका असतो. धुमसणारा एखादा बोळा रुईबरोबर दाबला गेला तर तो गाठीच्या पोटात जिवंत राहतो. बाहेरून गाठ थंड, पट्ट्या घट्ट, आणि काही दिवसांनी गोदामात किंवा वाघिणीत ती पेट घेते. म्हणून जाणकार जिनवाले संशयित गाठी उघड्यावर, बाकीच्यांपासून दूर काही दिवस ठेवतात. अशा गाठीला ओळखणारे यंत्र बोदवडला शंभर वर्षांपूर्वी नव्हते; हात लावून पाहणारा मुकादम होता, वास घेणारा पहारेकरी होता आणि आवारात पाण्याचे हौद व वाळूच्या बादल्या होत्या.

आणि भोंगा होता. अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्यांनी खानदेशाला ठराविक वेळी वाजणाऱ्या भोंग्याची सवय लावली. पाळी सुरू, पाळी संपली, एवढे तो सांगे. पण अवेळी आणि न थांबता वाजणारा भोंगा ऐकला की काहीतरी बिनसले, हे मैलभरावरच्या बाईलाही कळे. घरचा माणूस कारखान्यात आहे म्हणून ती धावे, आणि तिच्याबरोबर गल्ली धावे. इशारा यंत्राचा आणि धावणारे गाव, अशी ती जोडी होती.

परदेशांतल्या गिरणीमालकांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने पकडला होता. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या झकारिया ॲलन या गिरणीमालकाने आपल्या इमारतीत आगीविरुद्ध सुधारणा केल्या आणि विमा कंपनीकडे हप्ता कमी करण्याची मागणी केली. कंपनीने नकार दिला. १८३५ मध्ये त्याने इतर गिरणीवाल्यांना बरोबर घेऊन परस्पर विमा मंडळच काढले. ज्यांची इमारत सुरक्षित, त्यांचा हप्ता कमी. याच वातावरणात स्वयंचलित फवाऱ्यांची पद्धत वाढली. हेन्री पार्मली याने १८७४ मध्ये पेटंट घेतले, फ्रेडरिक ग्रिनेलने ते सुधारले आणि मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅट कंपनीने ते ब्रिटिश साम्राज्यात विकले. छतातल्या नळीवरचा ठरावीक उष्णतेला वितळणारा जोड सुटला की पाणी आपोआप पडे, आणि वाहत्या पाण्याच्या जोरावर बाहेर घंटाही वाजे. १८९० मध्ये फ्रान्सिस अप्टनने विजेच्या अग्निसूचकाचे पेटंट मिळवले. धूर ओळखणारे यंत्र त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये घडले.

फवारा बोदवडला सहज येण्यासारखा नव्हता, कारण फवाऱ्याला पाणी लागते. हा तालुका टंचाईसाठीच ओळखला जातो. बोदवड उपसा सिंचन योजनेची मागणी आणि तिचे काम हा या भागाच्या राजकारणाचा कायमचा विषय आहे. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते, तिथे आगीसाठी भरलेली टाकी बाजूला राखून ठेवणे हा मालकाच्या निग्रहाचा प्रश्न असतो. बंब बोलवायचा तर भुसावळ तीसेक किलोमीटर. सुटा कापूस पेटलेला असताना ते अंतर फार मोठे ठरते.

इशारा वाजूनही काय होऊ शकते, याचा सर्वांत भयंकर दाखला कापसाशीच जोडलेला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि कराचीहून भरलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी. दुपारी गाठींमधून धूर येऊ लागला. या दुर्घटनेच्या वृत्तांतांत एक तपशील येतो. मोठी मदत मागवण्यासाठी टेलिफोन करायला धावलेल्या जवानाला सापडलेल्या फोनला डायलच नव्हती. त्याने जवळच्या अग्निसूचकाची काच फोडली. सूचक चोख वाजला, पण त्याला फक्त ‘आग’ एवढेच सांगता येत होते. जहाजात काय भरले आहे, हे सांगायला त्याच्याकडे काही साधन नव्हते. नियमाप्रमाणे दोन बंब निघाले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. १४ एप्रिलपासून देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ आहे.

जळती रुई स्फोटाबरोबर हवेत उडाली आणि वखारींवर, चाळींवर पडली. कापूस कसा जळतो हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्या खानदेशी व्यापाऱ्यांना त्या वर्णनातले काहीही अतिशयोक्त वाटले नसावे.

स्वातंत्र्यानंतर बोदवडच्या जिनांवरचा ताण एका सरकारी निर्णयाने वाढला. १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. कापूस सरकारी खरेदी केंद्रांवरच विकायचा, असे ठरले. हंगामात केंद्रांवर इतका माल येई की जिनला तो वेळेत खपत नसे. उघड्यावर गंजी लागत, आठवडेच्या आठवडे पडून राहत, आणि आगी लागत. त्या काळात माल सरकारी यंत्रणेचा, जागा जिनवाल्याची, राखणदार रोजंदारीवरचा. एल्फिन्स्टनच्या अहवालातल्या गावात माग थांबला तिथे जबाबदारी थांबत असे. इथे ती कुणापाशीच थांबत नव्हती.

मानके हळूहळू आली. भारतीय मानक ब्युरोची आयएस २७२६ ही संहिता खास जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या अग्निसुरक्षेसाठी आहे, तर आयएस २१८९ मध्ये आग ओळखणाऱ्या व सूचना देणाऱ्या यंत्रणेची निवड, बसवणी आणि देखभाल सांगितली आहे. २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि जुन्या जिनांच्या आधुनिकीकरणाला अनुदान दिले. कापूस जमिनीवरून ओढण्याऐवजी नळ्यांतून आणि पट्ट्यांवरून जाऊ लागला. माणसाचे हात कमी लागले आणि त्याबरोबर माणसाचे नाकही कमी लागले. पूर्वी जळका वास पहिल्यांदा यायचा तो कापूस ओढणाऱ्या मजुराला.

बाजारपेठेतल्या दुकानांत आणि बँकांच्या शाखांत याच वर्षांत हूटर आले. शटरला चुंबकी सेन्सर, आत हालचाल टिपणारा दुसरा, रोखपालाच्या टेबलाखाली गुप्त बटण, आणि बाहेर लाल दिव्याचा कर्णा. मग भारनियमनाचा काळ आला. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात रोज तासन्‌तास वीज जाई. बॅटरी पुरेशी न भरलेली यंत्रणा वीज गेल्यावर मुकी होई, किंवा वीज परत आल्याच्या धक्क्याने मध्यरात्री किंचाळू लागे. मांजर फिरले तरी हूटर, वाऱ्याने शटर हलले तरी हूटर. काही महिन्यांत शेजाऱ्यांनी ऐकणे सोडले आणि दुकानदाराने वायर काढून ठेवली. भोंग्याला धावणारी गल्ली हूटरला कूस बदलून झोपू लागली.

खोटा इशारा याहून फार पुढे जाऊ शकतो, हे खानदेशाने दोनदा पाहिले.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश व्हॉट्सॲपवर आठवडाभर फिरत होते. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने गाठले आणि ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून ठार मारले. ‘परक्या माणसाची खबर द्या’ हे जुन्या राखणदाराचेच काम लोक करत होते. फरक इतकाच की जागल्याला माणसे ओळखता यायची आणि खबर खोटी निघाली तर जाब त्यालाच द्यावा लागे. फिरत्या संदेशाला यांतले काहीच लागू नव्हते.

२२ जानेवारी २०२५. लखनौहून मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्स्प्रेस पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ थांबली. डब्यात आग लागल्याची हूल उठली होती आणि कुणीतरी साखळी ओढली होती. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले, आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जण ठार झाले. डब्यात आग नव्हतीच. साखळीने गाडी थांबवली, पण आग खरी आहे का आणि उतरायचे कोणत्या बाजूने, हे सांगणारा आवाज डब्यात कुठेच नव्हता.

या दोन घटनांच्या पार्श्वभूमीवर राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत पसरलेल्या ‘ग्राम सुरक्षा यंत्रणे’कडे पाहिले, तर तिची रचना लक्षात येते. चोर, आग, बिबट्या, बुडणारे मूल, असे काहीही असो. गावकऱ्याने एका टोल-फ्री क्रमांकावर बोलायचे. त्याचा आवाज त्याच क्षणी गावातल्या नोंदणीकृत फोनांवर पोहोचतो. बोलणाऱ्याचा आवाज ओळखीचा असतो, त्याचा क्रमांक नोंदलेला असतो, खोटी सूचना देणाऱ्याला बाहेर काढता येते. जागल्याच्या कामातला ‘जाब’ इथे पुन्हा आलेला दिसतो.

भिंतीवरच्या यंत्राला कायद्याचे बळ मिळाले ते महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मुळे. तो डिसेंबर २००८ पासून अमलात आला. अनुसूचीत बसणाऱ्या इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून घ्यायची, आणि ती चालू असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचे. कायदा असून काय होते, ते भंडाऱ्यात दिसले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बाळे दगावली. धुराचा पत्ता लागला तो परिचारिकेने दार उघडल्यावर. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांची तपासणी सुरू झाली आणि तालुक्याच्या खासगी दवाखान्यांतही अग्निसूचक बसवणाऱ्यांची ये-जा वाढली.

आज बोदवडला एखादा जिनवाला यंत्रणा घ्यायला निघाला, तर विक्रेता त्याला बहुधा धूर ओळखणारा डबा आधी दाखवतो, कारण तोच स्वस्त आणि ओळखीचा. जिनच्या शेडमध्ये तो निरुपयोगी ठरतो. उडणारे तंतू त्याला धुरासारखेच दिसतात. पहिल्याच आठवड्यात तो इतक्या वेळा वाजतो की कामगार त्याच्यावर पिशवी बांधतात. तिथे लागतो तो उष्णता ओळखणारा सेन्सर, किंवा छताखालून नेलेली उष्णतेने चालणारी तार, आणि कापूस वाहणाऱ्या नळीत ठिणगी टिपणारा सेन्सर, जो पेटलेला बोळा ढिगापर्यंत पोहोचण्याआधी वाट बदलतो. धुराचा डबा शोभतो तो कार्यालयात, वीज-पॅनेलच्या खोलीत आणि तिजोरीच्या दालनात. आवारभर काच फोडून दाबायची बटणे लागतात, आणि ती हमालाच्या हाताला सापडतील अशी. केबिनच्या आतल्या भिंतीवर नव्हेत. पॅनेलवर विभाग वेगळे दिसले पाहिजेत, म्हणजे प्रेस पेटली की सरकीचे गोदाम हे रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला पळत जाऊन शोधावे लागत नाही.

घराचा हिशेब लहान असतो. स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने वाजणारे यंत्र कोणी महिनाभरही सहन करत नाही. तिथे उष्णतेचा सेन्सर आणि गॅसगळती ओळखणारे यंत्र, झोपण्याच्या खोलीबाहेर धुराचे. जुन्या वायरिंगच्या घरात या सगळ्याच्या आधी गळती-प्रवाह तोडणारा ब्रेकर बसवला तर आगीचे एक मोठे कारणच कमी होते. कॅमेऱ्यांच्या बाबतीत एप्रिल २०२५ पासून केंद्राने सुरक्षा-चाचणीचे प्रमाणपत्र बंधनकारक केले, कारण घराची राखण करणारा कॅमेरा इंटरनेटवरून दुसऱ्याच कुणाला घर दाखवू शकतो. आणि कॅमेरा बहुतेक वेळा चोरी झाल्यानंतर पाहिला जातो. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर रात्री दोनला इशारा आला, तर तो बोदवडला कुणाला फोन करणार, हे यंत्र विकत घेतानाच ठरलेले असावे लागते. शेजारच्या घराचा क्रमांक, पोलिसांचा ११२, अग्निशमनाचा १०१, आणि बंब येईपर्यंत पाणी उपसू शकणाऱ्या टँकरवाल्याचा क्रमांक.

काही जिनवाले ही यादी पहारेकऱ्याच्या खोलीत भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवतात. तिच्या शेजारी प्रमाणपत्राची चौकट असते. जानेवारीचे प्रमाणपत्र मिळते तेव्हा आवार कापसाने भरलेले असते आणि यंत्रे दिवसरात्र चालू असतात. चाचणीसाठी तासभर काम थांबवायला मालक नाखूष असतो. जुलैत शेड रिकामे असते, रोलर दुरुस्तीला उतरवलेले असतात, पावसाने जमीन ओली असते. तेव्हा घंटा वाजवून पाहणे सोपे असते, पण ती ऐकून कोण किती लवकर पोहोचले हे मोजायला आवारात माणसेच नसतात. ही चाचणी हंगामात, रात्रपाळीला, न सांगता घेणारा जिनवाला त्या दिवशीचे थोडे उत्पादन गमावतो, आणि कोणता पहारेकरी बटणापर्यंत पोहोचला व कोणता मोबाइल शोधत राहिला, हे त्याला कळते.